एस.टी.त बसून दिलेली साक्ष

जे काम मी तपासलंच नव्हतं, त्याखाली 'मी तपासलं' असं लिहून मी माझं नाव घातलं. इंग्रजीत घातलं, साऱ्या जगासमोर घातलं, आणि आता ते कुणालाही पुसता येत नाही. मला नाही, आणि ज्यानं घालायला लावलं त्यालाही नाही.

त्याच्या आधी माझं हसं झालं होतं. तिथूनच सांगतो, म्हणजे माणूस एवढा येडा एका दिवसात होत नाही हे कळेल.

बारामतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातला हॉल. एसी चालू. समोर निनाद, पुण्याच्या कंपनीतला. वय माझ्याएवढंच, पण सगळे त्याला सर म्हणत होते म्हणून मीही म्हणत होतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये आपलं काम कसं पोचवायचं, यावर त्याचं दिवसभराचं शिबिर होतं. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला मूळ प्रोग्राम. मोबाईलच्या पोटात तो असतो, तसा आमच्या कारखान्यातल्या डिंकाच्या मशिनच्या पोटातही. तो कुणा एकाचा नाही. जगभरातली माणसं तो लिहितात, एकमेकांच्या चुका काढतात, आणि दुरुस्ती ईमेलनं एका यादीवर पाठवतात. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळच.

"हा बघा," निनाद म्हणाला, "हा माझा फेव्हरेट."

पडद्यावर एक ईमेल आला. यादीवर कसं लिहू नये त्याचा नमुना. आठवीत रजेचा अर्ज शिकवतात तस्सा लिहिलेला. वर 'रिस्पेक्टेड सर', मग 'आय बेग टू स्टेट', खाली 'युवर्स ओबीडियंटली'. यादीवर पॅच साध्या अक्षरांत पाठवायचा असतो, तिथल्या तिथं उतरवून घेता येईल असा. ह्या बहाद्दरानं कॉम्प्युटरच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून तो चिकटवला होता. तोही तिरका. आणि फोटोच्या कोपऱ्यात उघडा डबा. डब्यात अर्धी भाकरी आणि ठेचा.

निनादनं तो कोपरा मोठा केला. भाकरी पडदाभर झाली.

"आणि ही बहुतेक अटॅचमेंट."

हॉल हसला. चांगला पोटभर हसला.

"नाव मी झाकलंय हं," निनाद म्हणाला. "बिचाऱ्याची उगाच शोभा नको."

नाव माझं होतं. भाकरी माझ्या अम्मीच्या हातची होती.

आणि त्या हॉलमध्ये सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. नुसता हसलो नाही. शेजारच्या पोराच्या मांडीवर थाप मारली. कुणाला संशय येऊ नये म्हणून माणूस काय काय करतो. चोर चोर म्हणत पुढं पळणारा मीच.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "सर, पण त्यानं जी चूक दाखवलीय, ती खरी होती का?"

निनादनं खांदे उडवले. "एवढं वाचतंय कोण?"

परत हशा. मी परत हसलो. ह्या वेळी जरा कमी.

चूक खरी होती.

मी लोणी देवकरच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. डाळिंबं, द्राक्षं भरायची खोकी. पुठ्ठा जोडायला गरम डिंक लागतो. डिंक जास्त तापला तर जळतो, कमी तापला तर धरत नाही. त्याचं तापमान मोजणारी यंत्रं एका तारेवर एकमेकांशी बोलतात. तार एकच, म्हणून आळीपाळीनं बोलायचं. एकाचं झालं की त्यानं गप्प बसायचं, मग दुसऱ्यानं सुरू करायचं. आमच्या मशिनमधला स्वस्तातला बोर्ड शेवटचं अक्षर बाहेर पडायच्या आतच गप्प बसायचा. वाक्याचं शेपूट तुटायचं. मशिन गोंधळून बंद पडायचं.

तीन महिने मी त्याच्यामागं होतो. डिप्लोमावाला माणूस. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून कर्नलचा कोड वाचायचो, म्हणून तर फोटोत भाकरी आली. शेवटी सापडलं. शेवटचं अक्षर खरंच बाहेर पडलं का, हे चिपला विचारायचं आणि मगच गप्प बसायचं. पाच ओळींचं काम. ते टाकल्यापासून मशिन एकदाही थांबलं नव्हतं. तेच मी यादीवर पाठवलं, रजेच्या अर्जासारखं, भाकरीसकट. उत्तर आलं नाही. मला वाटलं, साहेब लोक रजेवर असतील.

चहाच्या वेळी मी निनादकडं गेलो. तो मेल माझा आहे, चूक खरी आहे आणि इलाजही चालतो, असं सांगायला गेलो.

आणि म्हणालो, "सर, एक सेल्फी."

काढला. अजून फोनमध्ये आहे. मी त्यात असा हसतोय, जसा काही माझाच सत्कार आहे.

त्याच्या टी-शर्टवर कर्नलवाल्यांचा पेंग्विन होता. मीही तसाच इंदापुरात छापून घेतला. छापणाऱ्यानं पेंग्विन जन्मात बघितला नव्हता. बुटकं बदक आलं. आठ दिवस घातला, मग अब्बांनी त्यानं दुकानातल्या विजेच्या मोटारी पुसल्या.

फोटो झाल्यावर मात्र मी त्या चुकीचा विषय काढला. मेल माझा होता हे सांगितलं नाही. 'माझा एक मित्र आहे' असं म्हणालो. शेवटचं अक्षर कसं तुटतं ते कागदी कपावर बोटानं काढून दाखवलं. निनाद ऐकत होता. आता हसत नव्हता. फोन काढून त्यानं काहीतरी टिपून घेतलं.

"इंटरेस्टिंग," म्हणाला. "नंबर दे तुझा."

मी नंबर दिला. तेवढ्यानं पुढचे आठ दिवस मी हवेत.

पंधरवड्यानं यादीवर पॅच आला. निनादचा. त्याच ड्रायव्हरला, म्हणजे त्या चिपशी बोलणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याला. त्याच चुकीवर. चूक कुणी कळवली याचं नाव लिहायची यादीवर रीत आहे. चूक कळवणाऱ्याचं, तपासणाऱ्याचं, वाचून पास करणाऱ्याचं, प्रत्येकाचं नाव पॅचच्या खाली वेगळ्या ओळीत जातं. निनादच्या पॅचखाली एकच नाव होतं. निनादचं.

आता खरं सांगतो. मला राग आला नाही. मी जळलो. रागात निदान माणूस ताठ होतो. जळताना आतून वाकतो.

मी त्याचा पॅच पंचवीस वेळा वाचला असेल. त्याचं इंग्रजी बघून जळलो. त्याचे स्वल्पविराम बघून जळलो. नेमकं हवं तिथं बोट ठेवल्यासारखे स्वल्पविराम. त्याच्या ईमेलच्या पत्त्यात नावापुढं कंपनीचं नाव. माझ्या पत्त्यात नावापुढं जन्मसाल, कारण नुसतं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं. कर्नलच्या इतिहासात त्याचं नाव शोधायचो, किती ठिकाणी आहे बघायचो, मग माझं शोधायचो. कॉम्प्युटर म्हणायचा, काही सापडलं नाही. रोज विचारलं म्हणून रोज वेगळं उत्तर थोडंच येणार. पण मी रोज विचारायचो.

त्यातच त्याचा व्हॉट्सॲप आला. 'तो बोर्ड माझ्याकडे नाहीये. तुझ्याकडे आहे ना? टेस्टेड-बाय दे ना पटकन. या वेळचे पॅच घेणं उद्या बंद होतंय.'

टेस्टेड-बाय म्हणजे तपासणाऱ्याची ओळ. 'ह्या माणसानं हे खऱ्या यंत्रावर चालवून बघितलं' एवढाच तिचा अर्थ. ती साक्ष असते. ती ओळ एकदा कर्नलच्या इतिहासात गेली की राहतेच. मागचं पान फाडायची तिथं रीत नाही. चूक झाली तर पुढच्या पानावर दुरुस्ती लिहायची, पण चूक करणाऱ्याचं नाव मागच्या पानावर तसंच.

मोरगावला देवळाजवळच्या एका पिठाच्या गिरणीची जळालेली मोटार अब्बांनी नवी तार घालून भरली होती, ती बसवून मी परत निघालो होतो. एस.टी.त बारामतीच्या अलीकडं हा निरोप वाचला. खिडकीशी मी, शेजारी एक आजी, आजीच्या मांडीवर शेरडाचं पिल्लू. ते माझी बाही चघळत होतं. बोर्ड लोणी देवकरला. पॅच मी नुसता वाचलेला, चालवलेला नाही.

मी टेस्टेड-बाय दिला.

तिथंच. बारामतीचा स्टँड यायच्या आत. नाव लिहिलं ते भीतीनं नाही, हावेनं. मला वाटलं, दार उघडलंय, आत शिरून घ्या, चपला कुणाच्या का असेनात.

दुसऱ्या दिवशी पॅच घेतला गेला. मी कॉम्प्युटरला विचारलं, त्यानं माझं नाव दाखवलं. एक जागा. निनादच्या नावाखाली, बारीक. मी कारखान्यात पेढे वाटले.

आणि मग त्याहून मोठा शहाणपणा केला. आमच्या मशिनमध्ये माझा स्वतःचा इलाज चालू होता, चार महिने बिनतक्रार. तो काढला, आणि निनादचा पॅच घातला. का, तर तो मंजूर झालेला. त्यावर पुण्याच्या कंपनीचं नाव. माझा काय, भाकरीवाल्याचा. मशिन सुरू केलं, पाच मिनिटं बघितलं, आणि पेढ्याचा राहिलेला पुडा घेऊन घरी गेलो.

निनादच्या पॅचमध्ये चिपला विचारणं नव्हतं. ठरावीक वेळ थांबायचं आणि गप्प बसायचं, एवढंच होतं. त्याच्या टेबलावरच्या दुसऱ्या, भरभर बोलणाऱ्या यंत्राला तेवढा वेळ पुरायचा. आमची यंत्रं जुनी, संथ बोलणारी. अधूनमधून शेपूट परत तुटायला लागलं. ह्या वेळी मशिन थांबलं नाही. तुटक्या आकड्यालाच खरं मानून डिंक कमी तापवत राहिलं.

सकाळी आमची खोकी घेणाऱ्या पॅकिंग शेडमधून फोन आला. फोन आमच्या सुपरवायझरनं घेतला. वयानं मोठे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. फोन ठेवून ते माझ्याकडं वळले.

"खोकी उचलली की बुडं निघत्यात म्हणं. डाळिंबं शेडभर पळत्यात, बाया मागनं पळत्यात." मग म्हणाले, "पेढं दिलंस ते ह्याच मशिनचं का रं?"

"व्हय, तात्या."

"मग पयलं ते पोटातलं काढ."

मी माझा इलाज परत घातला. दुपारपर्यंत डिंक धरायला लागला. संध्याकाळी अब्बांच्या दुकानातून निनादला फोन केला. मनात भाषण तयार होतं. तोंडातून निघालं, "सर, जरा प्रॉब्लेम आहे."

"तुमच्या वायरिंगचा असेल," निनाद म्हणाला. "तिकडची वायरिंग काय असते माहितीये मला."

"वायरिंग मीच केलीय सर. माझा इलाज घातला की चालतंय."

"अरे पण तूच टेस्टेड-बाय दिलायस ना? मग तू टेस्ट काय केलंस?"

"सर, मी ते..." माझंही शेवटचं अक्षर बाहेर पडलं नाही.

"हे बघ," तो म्हणाला. आवाज एकदम प्रेमळ. "यादीवर काही लिहू नकोस. तुझंच नाव खराब होईल. काय चालतंय तुझं ते मला पाठव. मी नीट लिहून पाठवतो, तुला परत टेस्टेड-बाय देतो. तुमच्यासारख्यांना टेस्टेड-बाय पुष्कळ आहे रे. त्यावर सुद्धा नोकऱ्या लागतात."

तुमच्यासारख्यांना.

त्यानं फोन ठेवला. आणि मी, सांगायला लाज वाटते, ती पाच ओळींची फाईल त्याला पाठवायला काढली. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं, कारण अब्बांनी हाक मारली.

बावड्यात आमचं मोटारवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची. अब्बांपुढं एक मोटार होती. बारामतीतल्या कुणीतरी भरलेली, महिन्यात जळालेली. त्यांनी तारांच्या पेटीचं झाकण काढून माझ्या हातात दिलं. "वाच, काय लिवलंय."

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं वाइंडरचं नाव, वेढ्यांचा आकडा, तारेचा गेज, म्हणजे जाडी. सगळे वाइंडर लिहितात. पुढच्यानं उघडलं की त्याला कळावं, आत काय आहे आणि कुणी केलंय. मी वाचलं. अब्बांनी आतले वेढे मोजले होते. झाकणावर लिहिले होते त्याच्यापेक्षा कमी भरले.

"नाव लिवायला घाई, येढं भरायला आळस," अब्बा म्हणाले.

"तुम्ही नाव कधी लिहिता?" मी विचारलं. त्या दुकानात लहानाचा मोठा झालो आणि हे कधी विचारलं नव्हतं.

"मोटार हौदावर चढवायची. पाणी वढून दाखवलं, अंग गरम झालं, तरी आवाज बदलला न्हाय, की मग झाकान काढायचं आन लिवायचं. त्याच्या आदी मी पेन्सिल उचलत न्हाय." मग माझ्या फोनकडं बघून म्हणाले, "तू काय लिवतोयस मगाधरनं?"

मी सगळं सांगितलं. एस.टी., शेरडू, पेढे, डाळिंबं. भाकरी पडदाभर झाल्याचंही सांगितलं. अब्बा कशालाच हसले नाहीत. फक्त एक विचारलं.

"तू बी हसलास?"

"व्हय."

ते परत मोटारीकडं वळले.

त्या दुकानातल्या लाकडी बाकावर बसून मी यादीवर मेल लिहिला. साध्या अक्षरांत. 'रिस्पेक्टेड सर' नाही, 'बेग' नाही. लिहिलं ते एवढं. ह्या पॅचखाली तपासणारा म्हणून माझं नाव आहे. मी तो तपासला नव्हता. प्रवासात होतो, बोर्ड माझ्याजवळ नव्हता, नाव यावं म्हणून खोटं लिहिलं. आता तपासलाय. संथ वेगावर तो चालत नाही, त्याची नोंद जोडली आहे. हीच चूक आणि तिचा इलाज मी आधी ह्याच यादीवर पाठवला होता. तो मेल शिबिरात हसायला दाखवतात, त्यात एक भाकरी आहे. ती भाकरी माझी आहे. खाली माझा पॅच. लेखक मी.

हे सत्यासाठी केलं असं म्हणायला मला आवडेल. पण खरं बोलायचंच ठरलंय तर ऐका. निम्मं धाडस जळण्यातून आलं. त्याच्या नावाखाली बारीक अक्षरात जगण्यापेक्षा, माझ्या चुकीवर मोठ्या अक्षरात माझं नाव असलेलं मला परवडणार होतं. बटण दाबलं.

निनादचा निरोप आला. 'धिस वॉज नॉट नेसेसरी.' मी उत्तर दिलं नाही. तो परत फोन करील असं वाटलं, त्यानं केला नाही. यादीवर मात्र त्यानं फार सभ्य मेल लिहिला, की त्या बोर्डातच दोष असू शकतो. स्वल्पविराम सगळे जागच्या जागी. मी अजून जळलो.

कर्नलच्या त्या भागाचे पॅच घ्यायचे की नाही हे युरोपातली एक बाई ठरवते. एका ओळीपेक्षा जास्त कधी लिहीत नाही. तिनं मला तीन प्रश्न विचारले, मी मशिनवर आकडे मोजून तीन उत्तरं दिली. माझा पॅच तिनं दोनदा परत पाठवला. एकदा ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली म्हणून, एकदा काय केलं ते लिहिलं आणि का केलं ते लिहिलं नाही म्हणून. तिसऱ्यांदा घेतला. निनादचा पॅच रद्द झाला. रद्द झाला, पण पुसला गेला नाही. मागच्या पानावर तो तसाच आहे आणि त्याच्याखाली माझी खोटी साक्षही.

आता कॉम्प्युटरला माझं नाव विचारलं की दोन जागा दाखवतो. एक कामाची, एक लाजेची. मी दोन्ही वाचतो.

तिनं पॅच घेताना मला दोन ओळी लिहिल्या. तिच्या मानानं ते पत्रच म्हणायचं. 'तुमचा कोड मी घेईन, कारण कोड मला स्वतःला वाचता येतो. तुमचं टेस्टेड-बाय यापुढे घेणार नाही.'

बरोबर आहे. मी तिला विनवणी केली नाही. आता त्या ड्रायव्हरला कुणाचाही पॅच आला, की मी तो डिंकाच्या मशिनवर आख्खी शिफ्ट चालवतो, मोजलेले आकडे यादीवर टाकतो आणि खाली साक्षीची ओळ लिहीत नाही. निनादचा आला तरी चालवतो. त्याचा दोन शिफ्ट चालवतो. जळणं गेलेलं नाही, ते जाईल असंही वाटत नाही, पण आता ते मशिनला जोडलंय. बारामतीत परत शिबिर आहे म्हणतात. मी जाणार आहे, पुढच्या रांगेत बसणार आहे. भाकरी पडद्यावर आली की उभा राहून माझं नाव सांगणार आहे. हॉल हसला तर हसू दे. त्यात माझा आवाज नसेल. माझ्यावरच्या हसण्यात मी परत कधी माझा आवाज मिसळणार नाही.

बाईचा मेल मी अब्बांना मराठी करून वाचून दाखवला. मला वाटलं, पोरासाठी त्यांना वाईट वाटेल. ते हौदावरच्या मोटारीला कान लावून उभे होते. ती मोटार मीच भरली होती, मीच तपासली होती.

"बाई शानी हाय," अब्बा म्हणाले. "तुझ्या हातची मोटार मी तरी कुठं तशीच देतो गिऱ्हाइकाला? तू घरी गेलास की परत चढवून बघतो."